बदली नको असलेला लाटसाहेब

आमच्या गावच्या दंडारीत लाटसाहेब व्हायला कोणी गावकरी तयार होत नाही. आमच्या गावच्या म्हणालो खरं, पण गाव माझं नव्हे. मी सांगलीकडच्या दुष्काळी पट्टीतला. आठवीत शाळा सुटली, सुटली म्हणजे मीच सोडली, आणि बोअरवेलच्या गाडीवर पाइप धरायला लागलो. ती गाडी भोकं पाडत पाडत आरमोरीच्या पुढं आली, आणि या गावाच्या रस्त्यावर तिचा कॉम्प्रेसर बसला. मालक पार्ट आणायला नागपूरला गेला. पार्ट मिळाला, गाडी सुरू झाली, पण तोवर मला ताप भरला होता. ज्या बाईंच्या सपरीत, म्हणजे पडवीत, मला झोपवलं होतं त्या मालकाला म्हणाल्या, "हे पोरगं असं नेशीन तर वाटेतच जाईन. राहू दे इथी." गाडी गेली, मी राहिलो. ताप गेला, तरी राहिलो.

पुढं आरमोरीतल्या एका चाचांकडे मोटार वाइंडिंग शिकलो. जळलेल्या मोटारीतली जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजून वाळवायची. बाईंच्याच सपरीत दुकान टाकलं. गाव मला मिस्तरी म्हणू लागलं. माझं खरं नाव आता फक्त आधार कार्डाला माहीत आहे.

बाईंनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "उठता बसता आभार मानू नको. लोक घाबरतेत." कारण मी मानायचो. कोणी पाणी दिलं तरी मानायचो, कोणी बाजूला सरकून वाट दिली तरी मानायचो. मला कायम एक भीती असायची की या लोकांनी मला चुकून ठेवून घेतलंय, आणि एक दिवस कोणाच्या तरी लक्षात येईल. सकाळी दुकान उघडताना रस्त्यावर दोन माणसं बोलत उभी दिसली की मला वाटायचं, माझंच बोलतायत. ती बिचारी डुकरांनी उकरलेल्या धानाच्या बांधीबद्दल बोलत असायची.

तर दंडार. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे एक दिवसाची जत्रा. जिलेबीची दुकानं, बांगड्या, फुगे, लेकी माहेरी आलेल्या, आणि भर दुपारी मैदानात दंडार. ढोलकी, टाळ, एकीकडे गाणारी मंडळी, दुसरीकडे सोंगं. प्रत्येक गावाची आपली एक दंडार असते. आमच्या गावाची आहे लाटसाहेबाची.

गोष्ट सोपी आहे. समुद्रापल्याडची राणी या मुलखावर एक लाटसाहेब पाठवते. तो मोहफुलावर कर लावतो, तेंदूच्या पानावर लावतो, चुलीतून निघणाऱ्या धुरावरसुद्धा लावतो. रयत अर्ज घेऊन येते. एकेक अर्जावर तो पाय आपटून म्हणतो, "नामंजूर!" मग ढोल वाजतो, रानातून तीरकामठे घेऊन माणसं उठतात, बंड होतं, आणि लाटसाहेबाला पळवत पळवत गावाच्या शिवेवरच्या नाल्यापार घालवलं जातं. तो नाला म्हणजे समुद्र. पलीकडे गेला की तो विलायतेला पोचला. मग सगळे परत येतात आणि जिलेबी खातात.

दंडारीचे म्होरके सत्तरीतले शेतकरी होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांच्या आज्यानं ही दंडार रचलेली. कुठं लिहिलेली नाही, भाऊंच्या तोंडात आहे. त्यांनीच एका संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन सांगितलं, "मिस्तरी, औंदा लाटसायब तुले व्हा लागते."

मी हातातली तार खाली ठेवली.

भीती सोंगाची नव्हती. भीती वेगळीच होती. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की जो लाटसाहेब होतो त्याची बदली होते. गावकऱ्यांपैकी कोणी होत नाही, कारण पुढं वर्षभर पोरं मागून "नामंजूर, नामंजूर" ओरडतात. त्यामुळे ते काम बाहेरच्या माणसाकडे जायचं. आधी एक गुरुजी झाले. त्यांचं घर कोल्हापूरकडे, कितीतरी वर्षं बदली मागत होते, होत नव्हती. लाटसाहेब झाले आणि पेरणीच्या आत ऑर्डर आली. दुसऱ्या वर्षी जंगल गार्ड झाला. गेला. मग बँकेतला एकजण झाला. गेला. मग तर असं व्हायला लागलं की नोकरदार माणसं पोळ्यापासूनच भाऊंच्या घरी चकरा मारू लागली. एका लाइनमननं तर बायकोकडून लाडू पाठवले होते.

"भाऊ," मी म्हणालो, "नवे गुरुजी आहेत की."

"ते नागभीडचे. रोज संध्याकाळी बसनं घरी जातेत. त्याईले बदली कायले पायजे?"

"ग्रामसेवक?"

"त्यानं आत्ताच प्लॉट घेतला इथी. हात जोडून नाई म्हने. अन् त्या लाडूवाल्या लाइनमनची औंदा मंडईच्या दिवशीच ड्युटी हाये."

"मला जमायचं नाही ओ. मला बदली नको."

भाऊ हसले. त्यांच्या समोरच्या दोन दातांत फट होती, हसले की तिथनं शीळ यायची. "तुले कोन सरकारी ऑर्डर काढनार हाये? तू काय परमानंट हायेस का?"

हेच तर माझं दुखणं होतं. परमनंट माणसाची बदली होते म्हणजे तो दुसरीकडे तरी कुठं जातो. माझ्यासारख्याची झाली म्हणजे काय होईल, याचा मी त्या रात्री अंथरुणात पडून फार बारकाईनं विचार केला. सपरी जाईल, दुकान जाईल. घरी कोणी मला हाकललं नव्हतं, पण कोणी बोलावतही नव्हतं. भावांनी शेत वाटून घेतलं तेव्हा माझ्या वाट्याचा दगडही त्यांनी मोजला नसेल. सकाळी मी बाईंना म्हणालो, "नाही म्हणून सांगू का?"

बाई शेणसडा घालत होत्या. "त्या बुढ्यानं पुऱ्या गावात कधी कोनाले काई मांगतलं नाई. तुले मांगतलं." एवढंच बोलून त्यांनी बादली पुढं सरकवली. मग नाही कसं म्हणणार? मला तसंही ते कधी म्हणता आलेलं नाही. शाळेत मास्तर विचारायचे, "समजलं का?" आणि मी म्हणायचो, "हो." त्यातच आठवीपर्यंत पोचलो होतो.

तालीम देवळामागच्या आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत व्हायची. भाऊ एक ओळ सांगायचे, मी म्हणायचो. माझी बोली त्यांना फार आवडली. "पाय ना," ते बाकीच्यांना सांगायचे, "हा 'मला' म्हनते. 'आहे' म्हनते. लाटसायबानं असंच बोला लागते. ऐकूनच तळपायाची आग मस्तकात गेली पायजे."

एवढं सोडून बाकी सगळं बिघडलं होतं. मला पाय आपटता येईना. मी आपटायचो आणि वाकून बघायचो, कोणाच्या पायावर तर पडला नाही ना. "नामंजूर" असं म्हणायचो की जणू उद्या बघू म्हणतोय. अर्ज घेऊन येणारा सोंगाडी वरच्या टोलीतला, म्हणजे वरच्या वस्तीतला एक शेतकरी होता, त्याची साडेसात हॉर्सपॉवरची मोटार तेव्हा माझ्या दुकानात उघडी पडलेली होती. तो हात जोडून समोर उभा राहिला की मला तीच दिसायची.

"अबे मिस्तरी, तू लाटसायब हायेस का जावई हायेस?" भाऊ कपाळावर टाळ मारून घ्यायचे. "राग आन! तोंडावर राग आन!"

"आणतो भाऊ. आभारी आहे."

"आभार नको मानू ना बे!"

मंडईच्या दिवशी मला सजवलं. आरमोरीच्या एका बँडवाल्याकडून लाल कोट आणला होता, छातीवर पिवळ्या दोऱ्या, एका खांद्याला झालर, दुसऱ्या खांद्याची कुठल्यातरी लग्नात गेलेली. टोपी बुरुडानं विणलेल्या टोपलीची, वरून पांढरं कापड. तोंडाला पावडर एवढी लावली की मी बोललो की धूर निघायचा. बाईंनी बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "बापा," त्या म्हणाल्या, "हा तं पुरीच्या पिठात पडला."

मैदान गच्च भरलं होतं. एका बाजूला वरच्या टोलीची माणसं, दुसऱ्या बाजूला खालच्या टोलीची. मधे जाणूनबुजून एक बैलगाडी जाईल एवढी वाट सोडलेली. आमचं गाव दोन टोल्यांचं, मधे तलाव. मालगुजारांच्या काळचा, म्हणून माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव. या दोन टोल्यांचं भांडण त्या तलावाच्या पाण्याचं. हलके धान दिवाळीपर्यंत निघतात, पण भारी धानाला लोंबीत दाणा भरताना एक शेवटचं पाणी लागतं. ते पाणी गेटातून नहरेत सुटतं, आणि आधी कोणाकडं वळवायचं यावरनं दरवर्षी काठ्या निघतात. दोन्ही टोल्यांच्या मोटारी माझ्याकडेच येतात. म्हणून मी कुठल्याच टोलीचा नव्हतो. मला वाटायचं, हेच माझं शहाणपण.

ढोलकी वाजली. गण झाला. मी टोपली सावरत लाकडी पाटावर बसलो, तो म्हणजे सिंहासन. गाणारे गायले की आता लाटसाहेब आला, मुलखावर संकट आलं. पोरांनी मला बघून मनापासून शिव्या दिल्या. मला बरं वाटलं नाही, पण ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

मग तो वरच्या टोलीचा सोंगाडी अर्ज घेऊन आला. गुडघे टेकले. डोळ्यांत खरंच पाणी आणलं त्यानं, काय सोंग काढतो तो माणूस! "सायेब," तो म्हणाला, "मोहफुलावरचा कर माफ करा. लेकरं उपाशी हायेत."

मी पाय उचलला. माझ्या डोक्यात त्याची मोटार आली, त्याची लेकरं आली, जी रोज शाळेला जाताना दुकानात डोकावून "मिस्तरी काका" म्हणतात. आणि माझ्या तोंडातनं निघालं, "मंजूर."

सगळं थांबलं. ढोलकीवाल्याचा हात वर राहिला. सोंगाडी गुडघ्यावरच, वर बघत. त्याला पुढची ओळच नव्हती. पण गाणाऱ्या मंडळींनी सवयीनं सूर लावला होता, अर्ज फेटाळल्यावरचा. "रडते माय जंगलात, रडते लेकरू घरात" असं दोन कडवी ते गायले. कर माफ झाला म्हणून एवढं रडणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही.

मागनं भाऊंचा आवाज आला, दातांतल्या फटीतून. "मिस्तरी! नामंजूर म्हन!"

मी म्हणणार होतो. शपथेवर सांगतो. पण त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नामंजूर म्हटलं की बंड. बंड झालं की नाल्यापार. नाल्यापार गेलं की बदली. आणि मंजूर म्हटलं तर? बंडच नाही. लाटसाहेब सुखानं राज्य करतो, सपरीत राहतो, मोटारी भरतो. मला इतका सोपा मार्ग आयुष्यात कधी सुचला नव्हता.

दुसरा सोंगाडी आला, तेंदूपानांचा. "मंजूर." तिसरा आला, चुलीच्या धुराचा. "मंजूर," मी म्हणालो, "आणि ओलं लाकूड जाळू नका, डोळ्यांना त्रास होतो."

बायकांत हशा पिकला. "राहू द्या ना या सायबाले," एक आजीबाई ओरडल्या, "असा सायब भेटला कुठी?"

तेवढ्यात प्रेक्षकांतूनच एकजण उठला. सोंगाडी नव्हता, खराखुरा माणूस होता, कापडाची पिशवी हातात. "सायेब, आमची बस फाट्यावरूनच वापस जाते. गावात पाठवा ना."

"मंजूर."

टाळ्या! मग जो लोट सुरू झाला! डुकरं धान उकरतात, मंजूर. टॉवर आहे पण मोबाईलला रेंज नाही, मंजूर. एका पैलवानासारख्या माणसानं सांगितलं, वाघाला सांगा की नाल्याच्या त्या बाजूला राहा, तिकडच्या गावाची माणसं जरा जाड आहेत. "मंजूर," मी म्हणालो, "आदेश काढतो." एका नव्या सुनेनं एका पोराला पुढं ढकललं आणि त्याच्याआडून म्हणाली, "सासूले सांगा, टीव्हीचा रिमोट द्या लागते." सासू तिथंच बसलेली. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं. मी हळूच म्हणालो, "मंजूर, पण दुपारी." दोघीही खूश.

बंडखोर तीरकामठे घेऊन झाडामागं उभे होते. त्यांची यायची वेळ होऊन गेली होती. त्यांच्यातल्या एकानं कामठा जमिनीवर ठेवला आणि रांगेत येऊन उभा राहिला. त्याच्या घरकुलाचा काहीतरी प्रश्न होता.

भाऊ पाटामागं येऊन बसले. आवाज रडवेला झाला होता. "मिस्तरी, पाया पडतो तुह्या. शेजारच्या गावची दंडार तिकडं थांबून हाये, आमचं झाल्याबिगर त्याईले मैदान नाई. माह्या आज्याची दंडार आजलोक कधी अधुरी नाई राह्यली. तू पडला नाई तं ते संपन कशी?"

मला फार वाईट वाटलं. भाऊंसाठी मी काहीही केलं असतं. फक्त गाव सोडायला तयार नव्हतो. "भाऊ, जरा थांबा," मी कुजबुजलो, "काहीतरी मार्ग निघेल."

निघाला. वरच्या टोलीचे एक वडीलधारे गृहस्थ उठले. पांढरं धोतर, काखेत काठी. ते एरवी दंडारीत बोलत नाहीत, खोकतात. आज त्यांनी दोन्ही हात जोडले. "लाटसायब," ते म्हणाले, "धान भरावर आला. तलावाचं शेवटचं पानी यंदा पयले वरच्या टोलीले पायजे."

त्यांच्या घरून मला पहिल्या वर्षी गोधडी आली होती. अजून तीच पांघरतो. "मंजूर," मी म्हणालो.

वरच्या टोलीनं असा गजर केला की फुगेवाल्याचे दोन फुगे फुटले.

मग खालच्या टोलीच्या बाजूला हालचाल झाली. तिथलेही एक वडीलधारे गृहस्थ उठले, हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवून. हे माझ्या दुकानासमोरनं रोज जातात आणि रोज विचारतात, "जेवला का रे?" अजून जेवलो नसलो तरी मी हो म्हणतो, म्हणून ते कधीकधी हात धरून घरी नेतात. त्यांनीही हात जोडले. "लाटसायब," ते म्हणाले, "शेवटचं पानी पयले खालच्या टोलीले पायजे."

मैदानात टाचणी पडली असती तर तीही जरा घाबरून पडली असती.

मी त्यांच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. मला फक्त एक अक्षर लावायचं होतं पुढं. ना. एवढंच. गावच्या शेंबड्या पोराला येतं ते. मी तोंड उघडलं, पावडर उडाली, आणि मी म्हणालो, "मंजूर."

"दोघाले पयले कसं?" वरच्या टोलीतून कोणीतरी ओरडलं.

"होईल काहीतरी," मी म्हणालो.

"काईतरी काय? पानी काय जिलेबी हाये का दोघात तोडून द्याले?"

"आमाले देल्लं होतं त्यानं! पयले आमाले मंजूर केलं!"

"पयले मंजूर केलं म्हनजे पयले पानी नाई! आमाले नंतर मंजूर केलं, नंतरचा आदेश पक्का असते!"

"हा दोन तोंडाचा हाये!"

"अबे हा खराच लाटसायब हाये!"

पहिली वस्तू आली ती सीताफळाची बी. ती माझ्या टोपलीवर टक्कन वाजली. मग चुरमुरे. मग अर्धं खाल्लेलं सीताफळ. मग भाऊंचा आवाज, आता अगदी वेगळा, पंचविशीतल्या गड्यासारखा: "बंड! अरे बंड झालं! वाजव ना रे ढोल! वाजव!"

ढोल वाजला. झाडामागचे तीरकामठेवाले धावत सुटले, पण त्यांच्या आधी दोन्ही टोल्या माझ्या अंगावर आल्या होत्या. मधली ती बैलगाडीएवढी वाट कुठं गेली कोणाला कळलं नाही. कितीतरी वर्षांत एका सतरंजीवर न बसलेली माणसं खांद्याला खांदा लावून माझ्यामागं धावत होती. मी काय पळालो! झालर पडली. टोपली पडली, ती एका पोरानं घातली आणि तोही मागं लागला. जिलेबीवाल्यानं झारा हलवत मला प्रोत्साहन दिलं की शिव्या दिल्या, कळलं नाही. भाऊ सगळ्यांच्या पुढं, टाळ वाजवत, गात, एवढे आनंदात की मला पळता पळता वाटून गेलं, चला, हे तरी झालं.

नाल्यात पोटरीइतकं पाणी होतं. मी समुद्र ओलांडला. पलीकडे जाऊन वळलो, तेव्हा अख्खं गाव अलीकडच्या काठावर उभं होतं, आणि सगळ्यांनी एका सुरात दंडारीची शेवटची ओळ म्हटली: "जा रे लाटसायबा, या मुलखात तुहं काम नाई!"

मग ते परत गेले. हसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. आवाज दूर गेला. मी एका दगडावर बसलो.

गुरुजी, गार्ड, बँकवाले, सगळे नाल्याच्या या बाजूला, फाट्याजवळच्या क्वार्टरमध्ये राहायचे. ते हाकलल्यावर सरळ घरी जाऊन चहा पीत. त्यामुळे हाकललेला लाटसाहेब गावात परत कसा येतो, याची रीतच नव्हती. कोणी मला सांगितली नव्हती. मी विचार केला, उगाच नाला ओलांडून गेलो आणि कोणी म्हणालं, अरे याला तर आत्ता काढला, मग? दंडार मोडली म्हणतील. भाऊंना वाईट वाटेल. आणि त्यात मी आज दोन्ही टोल्यांना फसवलेलं. आता मोटार कोण आणणार माझ्याकडे? कोटाच्या खिशात हात घातला तर कोणत्यातरी लग्नाच्या अक्षता निघाल्या. मी त्या परत ठेवल्या. बँडवाल्याच्या असतील.

बऱ्याच वेळानं बाई आल्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचून सरळ पाण्यातनं. हातात माझे कपडे.

"इथी काय करून राह्यला? मी पुरी मंडई धुंडली. कोट काढ. बँडवाला बोंबलून राह्यला, संध्याकाळी त्याची वरात हाये."

मी झाडामागं जाऊन कपडे बदलले. बाहेर येऊन विचारलं, "बाई, परत यायला कोणाला विचारायचं?"

"काऊन?"

"मला हाकललंय ना."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या तापात बघायच्या, डोळे बारीक करून. "तुले कोनं हाकललं?"

"गावानं."

"गावानं लाटसायबाले हाकललं. तो गेला. हा कोट हाये त्याचा, माह्या हातात."

"पण लोक रागावलेत. खरं रागावलेत बाई. तुम्ही ऐकलं नाही."

"ऐकलं ना. मी पन एक बी फेकली."

मी म्हणालो, "आभारी आहे." बाई हसत सुटल्या त्या खाली दगडावरच बसल्या.

तोवर गावाकडच्या काठावर दोन माणसं येताना दिसली. पांढरं धोतर, काखेत काठी. आणि शेजारी गुडघ्यावर हात ठेवत चालणारे ते दुसरे. दोघं मोठमोठ्यानं भांडत होते. मी उभा राहिलो. वाटलं, हे आता खरं हाकलायला आले, दंडारीतलं नव्हे.

"हा पाय, हा इथी हाये!" गोधडीवाले म्हणाले. "मिस्तरी, ये बरं इकडं. सांग या बुढ्याले, पानी पयले कोनाले देल्लं तू?"

"सांग सांग," 'जेवला का'वाले म्हणाले. "तुह्या मनात कोन होतं ते सांग. आमी काई म्हननार नाई."

"मी... दोघांनाही..."

"दोघाले पयले होत नाई रे बापा! एक तं पयला असनारच. तू तवा कोनाचं तोंड पाहून बोलला?"

"मला नाही म्हणता येईना, म्हणून मंजूर म्हणालो."

"असं कसं? चाल. चाल तलावावर, गेटाजवळ उभा राहून सांग."

एकानं माझा डावा हात धरला, दुसऱ्यानं उजवा. दोघंही पाण्यात उतरलेले. ते मला ओढत होते, म्हणजे एक वरच्या टोलीच्या पायवाटेकडे आणि एक खालच्या, त्यामुळे मी नाल्याच्या मधोमध तसाच उभा. बाई मागनं कोट घेऊन म्हणाल्या, "अवो, त्याले आधी इकडं तं येऊ द्या. मंग तोडा."

त्या वर्षी शेवटी गेट उघडलं तेव्हा दोन्ही नहरा एकदमच सोडल्या. पाणी हळू गेलं, दोन्ही टोल्यांनी कुरकुर केली, धान दोघांचाही भरला. पण निकाल लागला नाही तो नाहीच. वरच्या टोलीत सगळे सांगतात, मिस्तरीनं आम्हाला पहिलं पाणी दिलं होतं. खालच्या टोलीत सांगतात, आम्हाला. मोटार घेऊन कोणी दुकानात आला की बसता बसता विचारतोच. मी म्हणतो, चहा घेऊ. पुढच्या मंडईला लाटसाहेब तो लाडूवाला लाइनमन झाला. त्यानं इतकं खणखणीत नामंजूर म्हटलं की मलासुद्धा राग आला, आणि पेरणीच्या आत तो गेला.

मला मात्र मधे एकदा भीतीनं परत गाठलं होतं. चाचांनी आरमोरीत मोठं दुकान काढलं, मला तिकडे ये म्हणाले, आणि मला वाटलं, हीच ती बदली. गावाला वाटलं मी जाणार. सकाळी दुकान उघडलं तर दोन्ही म्हातारे सपरीच्या दोन टोकांना बसलेले, एकमेकांकडे पाठ करून.

"गाव सोडून राह्यला म्हनते," एकानं समोर बघत विचारलं.

"नाही ओ. कोण म्हणालं?"

"पयले सांगून टाक," दुसरे म्हणाले. "कोनाले देल्लं ते. तोवर कुठी जाऊन तं पाय!"